हात केला की थांबणारी गाडी

दौलत सोनवणे यांना कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीत सगळे नाना म्हणतात, आणि कोणी विचारो न विचारो, आपण रेल्वेत ड्रायव्हर होतो हे नाना सांगितल्याशिवाय राहत नाहीत. ऐकणारा जरा अदबीनं बघू लागला की लगेच स्वतःच दुरुस्ती करतात, की मोठ्या गाडीचा नव्हे, छोट्या गाडीचा. मग ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि नानांचा उजळतो. कारण आता त्याला बसवून छोट्या गाडीची सगळी कहाणी ऐकवायला मोकळीक मिळालेली असते. दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी ती ऐकली आहे. ज्यांना घाई असते ते नानांना बघून रस्ता बदलतात.

खानदेशात दोन गावांच्या मध्ये धावणारी ती गाडी. अडीच फुटी रूळ, चार-पाच डबे आणि पुढे कोळशावर चालणारं काळं ठेंगणं इंजिन. नाना त्यात खलाशी, म्हणजे इंजिनावरचे मदतनीस, म्हणून लागले, फायरमन झाले आणि मिशी पांढरी व्हायच्या आत ड्रायव्हर झाले. हवापालटाला आलेल्या लोकांनी मुलांना घेऊन फोटो काढावेत असली ती गाडी नव्हती. तिच्यात दुधाच्या किटल्या चढत, वांग्यांच्या गोण्या चढत, मास्तर, पोस्टमन, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊभाऊ आणि माहेरी निघालेल्या बायका चढत. सायकल चालवणारा माणूस चढावर तिच्या पुढे जात असे, हे खरं आहे. पण सायकलवाल्याला बाळंतीण नेता येत नाही, असं नाना म्हणत, आणि तेही खरं आहे.

त्या गाडीचा एक रिवाज होता. शेतातून धावत येणाऱ्या माणसानं हात वर केला की गाडी थांबायची. तो कोण आहे, तिकीट काढणार आहे की नाही, हे नंतर. लांबून झाडांच्या वर धूर दिसला की म्हातारी सावकाश चपला घालायची, गाठोडं बांधायची, सुनेला दोन शब्द ऐकवायची आणि मग रुळाशी येऊन हात करायची. गाडी तिच्यासाठी उभी असायची. साहेबाच्या वहीत हे बसत नव्हतं, पण साहेबही त्याच भागातला होता आणि त्याचीही आई म्हातारी होती. नाना वाफ बंद करत, ब्रेक आवळत आणि हात केलेल्या माणसाच्या अगदी समोर दार आणून उभं करत. त्यात त्यांची कारागिरी होती आणि त्यांना तिचा गर्व होता. एक बकरी सोडली तर आपल्या इंजिनाखाली आयुष्यात काही आलं नाही, हे वाक्य तर त्यांनी इतक्या वेळा म्हटलं असेल की घरातली भांडीसुद्धा ते म्हणू लागली असती.

पुढे कोळशाचं इंजिन गेलं, डिझेलचं आलं, नाना रिटायर झाले आणि काही वर्षांनी ती लाईनच बंद पडली. बायको मालन गेली तेव्हा मुलगा सहदेव त्यांना विठ्ठलवाडीला घेऊन आला. सहदेव मोटरमन. बापाचं इंजिन बघत मोठं झालेलं पोर, त्याला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. कल्याणहून मुंबईकडे आणि मुंबईहून कल्याणकडे तो लोकल चालवायचा. घरात सून हर्षदा आणि आठवीतली नात सान्वी. पोरगं आपल्याच वाटेनं गेलं याचा नानांना आनंद होता, फक्त त्याची गाडी हात केल्यावर थांबत नाही हे त्यांना कधी नीट पटलेलं नव्हतं. घाई फार, एवढंच ते म्हणायचे.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी सहदेव वेळेआधी घरी आला. बूट न काढता पलंगावर बसला. हर्षदानं पाणी दिलं ते तसंच हातात धरून राहिला. मग हळूहळू कळलं. ठाकुर्लीच्या पुढे एक माणूस रूळ ओलांडत होता. खांद्यावर पोतं होतं. रुळांच्या मध्ये आल्यावर त्यानं गाडीकडे तोंड केलं आणि रिक्षा थांबवावी तसा हात वर केला. पुढचं सहदेवनं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मोटरमनच्या नोकरीत हे कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येतं. सहदेवच्याही आलं होतं, पण हात केलेला माणूस हा पहिलाच.

अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसानं काय करावं? पाठीवर हात ठेवावा, नाहीतर गप्प बसावं. नानांना दोन्ही सुचलं नाही. ते खुर्ची ओढून समोर बसले आणि त्यांनी विचारलं, "त्यानं हात केला, मग तू थांबला का नाहीस?"

टोमणा मारायचा म्हणून ते बोलले नव्हते. त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. त्यांच्या अख्ख्या नोकरीत वर झालेल्या हाताचा एकच अर्थ होता आणि तो त्यांच्या मनगटात मुरलेला होता. पण सहदेवनं मान वर करून बापाकडे जे बघितलं ते हर्षदानं पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "मी ब्रेक मारलेला, नाना." उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

त्या दिवसापासून सहदेव ड्युटीवर गेला नाही. रेल्वेनं रजा दिली, डॉक्टरकडे पाठवलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बरोबरीचे मोटरमन येऊन बसून गेले. ते त्यांच्या त्यांच्या गोष्टी सांगत आणि चहा पिऊन जात. असं आधी झालं तेव्हा सहदेव तीन-चार दिवसांत सावरला होता. या वेळी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. मोटरमनच्या कॅबमध्ये पाय ठेवायचाच नाही म्हणाला. वरून पत्र आलं की किती दिवस रजा वाढवायची, तर त्यानं ते उघडलंसुद्धा नाही. बापाशी तर त्यानं बोलणंच टाकलं. नाना जेवायला बसले की तो नंतर जेवायचा.

एकदा नाना भाजी निवडत बसले असताना हर्षदानं तोंड उघडलं. ती भांडखोर नाही, दवाखान्यात रिसेप्शनला बसते, दिवसभर लोकांचं ऐकून घेते. ती म्हणाली की यांना रात्री झोप लागत नाही, उठून बसतात आणि तुमचा तोच प्रश्न स्वतःला विचारत राहतात. "नाना, एकदा जाऊन बघा तरी, गाडी कशी येते ते. मग बोला."

नानांना राग आला. चाळीस वर्षं रुळांवर काढलेल्या माणसाला सुनेनं गाडी बघून यायला सांगावं? पण पोरगा खाटेला लागला होता आणि तो आपल्यामुळे, हे मनातून त्यांना कळत होतं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या पिढीत मुलाची माफी मागणारा बाप वेडा ठरला असता. तेव्हा त्यांनी दुसरंच ठरवलं. माणूस रुळावर मरू नये म्हणून काही करता येतं, हे ते दाखवून देणार होते. म्हणजे सहदेवला पटेल की बाप उगाच बोलला नव्हता, आणि तो उठेल. माणसाला आपली चूक मान्य करायची नसली की तो कामाला लागतो, त्यातलीच ही गत.

विठ्ठलवाडी आणि कल्याणच्या मध्ये एका ठिकाणी रुळांकडेची भिंत फोडलेली आहे. पूल लांब पडतो म्हणून लोक तिथूनच ओलांडतात. नाना तिथे जाऊन उभे राहू लागले. सान्वीच्या खेळातली शिटी गळ्यात, हातात लाल फडकं. चहावाल्यानं एक मोडकं स्टूल दिलं. पहिले काही दिवस लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. कॉलेजची पोरं "सिग्नलबाबा, ग्रीन द्या ना" म्हणून हसत पुढे जायची. नाना शिव्या घालायचे, शिटी वाजवायचे, कोणाच्या दंडाला धरून मागे ओढायचे. मग हळूहळू काही लोक थांबू लागले. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया त्यांच्याकडे बघून पाय टाकू लागल्या. नानांच्या अंगात पुन्हा ड्रायव्हर संचारला. घरी आल्यावर ते मोठ्यानं, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचे की आजही कोणाला काही होऊ दिलं नाही. आतलं दार लोटलेलंच राहायचं. हर्षदा ताट वाढायची.

लोकल तिथे बऱ्यापैकी हळू येतात, स्टेशन जवळ असल्यामुळे. नानांची तेवढ्यावर समजूत झाली की सुनेनं उगाच बाऊ केला.

त्यांच्यावर सगळ्यात जास्त भरवसा टाकला तो सगुणाबाईनं. ती कल्याणच्या बाजारातून पालेभाजी आणून पलीकडच्या गल्ल्यांत विकायची. भरलेली पाटी डोक्यावर असली की मान वळत नाही. डावीउजवीकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं, आणि खडीवर अंग वळवलं की तोल जातो. इतकी वर्षं ती देवाचं नाव घेऊन कानाच्या अंदाजानं ओलांडत आली होती. नाना आल्यापासून तिचं बरं चाललं होतं. ती रुळांच्या कडेला उभी राहून समोर बघतच विचारायची, "येऊ का, बाबा?" आणि नाना बघून सांगायचे, ये, किंवा थांब. पलीकडे नानांपाशी आली की कधी मेथीची जुडी त्यांच्यासाठी बाजूला ठेवायची. नानांना ती त्यांच्या लाईनवरच्या बायकांसारखी वाटायची. गाडी आपल्यासाठी आहे असं मानणाऱ्या, घाबरून पळापळ न करणाऱ्या.

नोव्हेंबरातली सकाळ होती. ऊन स्वच्छ पडलं होतं, रूळ लांबवर सरळ दिसत होता. सगुणाबाईनं विचारलं. नानांनी दोन्हीकडे बघितलं. कर्जतच्या बाजूला पार लांब, एका पुलाखाली, इंजिनाचा दिवा दिसत होता. छोट्या लाईनवर एवढ्या लांब इंजिन दिसलं की माणूस चिलीम भरून ओढायचा आणि मग उठायचा. नानांचे डोळे त्या हिशेबात घडलेले. किती वर्षं त्या डोळ्यांनी अंतर मोजलं ते धुरावरून आणि वाफेच्या धापांवरून, आणि या गाडीला धूरही नव्हता, धापही नव्हती. आलेली गाडी लोकल नव्हती. पुण्याकडून येणारी एक्स्प्रेस होती, ती विठ्ठलवाडीला थांबत नाही. नानांनी तेही बघितलं नाही.

"ये बाई," ते म्हणाले, "अजून लांब आहे. सावकाश ये."

ती सावकाश आली. तिनं त्यांचा शब्द खरा मानला म्हणून सावकाश आली. स्वतःच्या अंदाजानं आली असती तर कदाचित धावली असती. पहिला रूळ तिनं ओलांडला, मधल्या खडीवर पाय नीट रोवला, आणि नानांनी पुन्हा बघितलं तेव्हा दिवा पुलाखाली नव्हता. इंजिन पूर्ण दिसत होतं आणि बघता बघता मोठं होत होतं. नानांनी शिटी तोंडात धरली, पण फुंकायला छातीत वारा राहिला नाही. मग त्यांनी जन्मभर दुसऱ्यांनी केलं ते केलं. हातातलं फडकं घेऊन इंजिनाकडे तोंड करून हात वर केला.

इंजिनानं भोंगा दिला. चाकं घासल्याचा आवाज इतका झाला की चहावाला टपरी सोडून पळत आला. ड्रायव्हरनं ब्रेक लावला होता, सगळी ताकद लावून लावला होता, आणि गाडी येत राहिली. नानांच्या समोरून डब्यामागून डबा गेला, खिडक्यांमधून माणसं गेली, आणि ते हात वर करून उभेच होते. गाडी थांबली तेव्हा शेवटचा डबासुद्धा त्यांना ओलांडून कितीतरी पुढे गेला होता. रुळांच्या मध्ये सगुणाबाई जिथे होती तिथे आता बघण्यासारखं काही नव्हतं, आणि मी ते सांगणार नाही.

रेल्वेचे पोलीस आले. नाना त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की हिला मी ये म्हणालो. हवालदार थकलेला होता, स्वभावानं वाईट नव्हता. त्यानं नानांना स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं आणि समजावलं की ही बाई रोज इथूनच ओलांडायची, आज ना उद्या होणारच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नानांनी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा समजावलं. रूळ ओलांडताना मृत्यू, एवढंच त्याला लिहायचं होतं आणि तेवढंच त्यानं लिहिलं. थोड्या वेळानं सगुणाबाईची मुलगी आली. रडून झाल्यावर तिला कोणीतरी सांगितलं की हे ते बाबा. तिनं नानांचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं की आई तुमचं रोज नाव काढायची, बाबा आहेत म्हणून आता भीती वाटत नाही म्हणायची. तिलाही नानांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण ती पुन्हा रडायला लागली आणि बायकांनी तिला नेलं. एवढं मोठं पाप कबूल करायला निघालेला माणूस, आणि ते घ्यायला कोणी तयार होईना.

नाना घरी आले. हर्षदा दवाखान्यात होती, सान्वी शाळेत. आतल्या खोलीचं दार त्यांनी ढकललं आणि उंबऱ्यातच खाली बसले. सहदेव भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या पाठीकडे बघून नानांनी सगळं सांगितलं. पुलाखालचा दिवा सांगितला, सावकाश ये म्हणाल्याचं सांगितलं, हात वर केल्याचं सांगितलं. ड्युटी संपल्यावर ड्रायव्हर पुढच्या ड्रायव्हरला सांगतो तसं त्यांनी ते सांगितलं.

सहदेव कुशीवर वळला. कित्येक दिवसांनी त्यानं बापाकडे बघितलं.

"ड्रायव्हर खाली उतरला?" त्यानं विचारलं.

"उतरला. कोवळाच होता, लग्नसुद्धा झालं नसेल. मागे चालत आला, बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी हात वर करूनच उभा होतो रे अजून."

"मग?"

"मग गेला. इंजिनावर चढला आणि गाडी नेली."

"न्यावीच लागते," सहदेव म्हणाला. "मागे सगळ्या गाड्या उभ्या राहतात, नाना. खाली काय झालं ते माहीत असतं, तरी न्यावी लागते."

मग तो उठून बसला आणि त्यानं ठाकुर्लीच्या माणसाबद्दल सांगितलं. इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं ते सगळं. त्याच्या पोत्यात काय होतं, त्याच्या शर्टाचा रंग कोणता, हात करताना तो थोडा हसला होता, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसा. नानांनी मध्ये एक अक्षर विचारलं नाही. एक पलंगावर होता आणि एक उंबऱ्यात. सान्वी शाळेतून आली तेव्हा तिला बाबा आणि आजोबा एकत्र बसलेले बघून आनंद झाला. तिला कोणी काही सांगितलं नाही.

सहदेवला त्या रात्री झोप लागली. हर्षदाला वाटलं गोळ्या लागू पडल्या. पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतःहून ऑफिसला फोन केला, डॉक्टरकडे जाऊन आला, दाढी केली. हर्षदानं देवापुढे नारळ ठेवला. नाना मात्र भिंतीच्या त्या फटीकडे गेले नाहीत. दूधवाल्याला छोट्या गाडीबद्दल काही सांगेनासे झाले, आणि त्यानं आपणहून विचारलं तेव्हा म्हणाले की मी तिथे हमाल होतो.

ड्युटीच्या पहिल्या दिवशी सहदेव युनिफॉर्म घालून बाहेर आला. नाना दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. तो त्यांच्या पाया पडायला वाकला. नानांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"या पायांना हात लावू नको," ते म्हणाले. "तुला गाडी चालवायचीय."

सहदेव थोडा वेळ तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला, पाठीला बॅग लावली आणि कामावर गेला.